वस्तूचे नाव आणि माणसाचे नाव

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे एक भाकीत अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहांत आले आहे. आपल्या उम्मतीतील काही लोक खम्र पितील, पण तिला खम्र म्हणणार नाहीत. तिला दुसरेच एखादे नाव देतील, असा त्याचा आशय. मदरशाच्या वर्गात ही हदीस वाचताना विद्यार्थ्याला वाटते, हे कुठल्या तरी दूरच्या मुलखाबद्दल, पुढे कधीतरी येणाऱ्या काळाबद्दल चालले असेल. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला तसे वाटण्याचे कारण नाही.

आपल्या राज्यात दारूच्या दुकानाला परवाना मिळतो तो 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949' या कायद्याखाली. विक्रीची अनुमती देणारा कायदा, आणि त्याचे नाव दारूबंदी! पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा असा नियम आहे. हा परवाना दुकानातच एका दिवसापुरता काही रुपयांत मिळतो, आणि त्यावर पिण्याचे प्रयोजनही छापलेले असते : आरोग्याचे जतन. देणारा ते वाचत नाही, घेणारा वाचत नाही. पण शासनाच्या कागदावर ते शब्द आहेत. 2001 साली राज्याने वाइन उद्योगाला उत्तेजन देणारे धोरण आखले, त्याचे नाव 'द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण' असे ठेवले. आपल्याच जिल्ह्यात विंचूरला त्यासाठी वाइन पार्क उभे राहिले. पुढे जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा-दुकानांत वाइन ठेवण्यास मंजुरी दिली, तेव्हा वाइन ही दारूच नव्हे असा युक्तिवाद राज्यातल्या जबाबदार नेत्यांनी उघडपणे केला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, बराच गदारोळ झाला आणि निर्णय रेंगाळला. तो युक्तिवाद मात्र लोकांच्या तोंडी राहिला. लॅम रोडवरच्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला विचारून पाहा, तो तुम्हाला वाइन आणि दारू यांतला फरक समजावून सांगेल.

हजरत उमर (रजि.) यांनी मदीनेच्या मिंबरवरून या प्रश्नाचा निकाल कधीच लावून ठेवला आहे. बुखारीतील त्या खुतब्यात त्यांनी खम्र ज्या पाच गोष्टींपासून होत असे त्या मोजून सांगितल्या : द्राक्षे, खजूर, मध, गहू आणि जव. यादी देऊन ते थांबले नाहीत. जी अक्कल झाकून टाकते ती खम्र, अशी व्याख्याही त्यांनी दिली. अरबी धातूचा अर्थच झाकणे असा आहे; स्त्रीच्या ओढणीला 'खिमार' म्हणतात तो याच धातूवरून. म्हणजे शरीयतीत नाव परिणामावरून ठरते, बाटलीवरच्या चिठ्ठीवरून ठरत नाही. आणि औषधाच्या सबबीबद्दल म्हणाल, तर तारिक बिन सुवैद (रजि.) यांनी प्रेषितांपुढे नेमकी तीच मांडली होती. आपण ती औषधासाठी बनवतो, असे ते म्हणाले. ती औषध नाही, ती स्वतःच रोग आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आपल्या परवान्यावरील ते आरोग्याचे शब्द वाचताना तिची आठवण होते.

द्राक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. निफाड-दिंडोरीत गारपिटीने एका रात्रीत बाग आडवी होते, ती ज्याने पाहिली तो तसे म्हणणार नाही. कुरआननेही सूरह बकरामध्ये खम्र आणि जुगार यांत लोकांचे काही फायदे आहेत हे मान्य केले आहे आणि मग त्यांतील गुनाह फायद्याहून मोठा असल्याचे सांगितले आहे. आधी फायद्याचा हिशेब मांडायचा, मग तोट्याचा, आणि दोन्ही खऱ्या नावांनी मांडायचे, ही कुरआनची रीत आहे. महसुलाची गरज असेल तर सरकारने महसूल म्हणावे. लोक वाद घालतील, पण निदान कशावर वाद चालला आहे ते त्यांना कळेल.

सत्ता वस्तूचे नाव मऊ करते. माणसाच्या बाबतीत तिचा हात नेमका उलटा चालतो. आमच्या देवळाली कॅम्पला याचा अनुभव शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

इंग्रजांच्या काळात देवळाली ही फौजेची संक्रमण छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी इथे आणून ठेवत. जहाजे फक्त हिवाळ्याच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, सुटत. हंगाम हुकला की महिनोन् महिने वाट पाहावी लागे. हाताला काम नाही, वर ऊन, अंगात हिवताप आणि जवळ दारू. यांतले काही खचले, काही भ्रमिष्ट झाले, काही तुरुंगात गेले. त्यांच्या सोबत्यांनी या अवस्थेला गावाचेच नाव देऊन टाकले : 'डूलाली टॅप'. 'डूलाली' म्हणजे आपली देवळाली आणि 'टॅप' म्हणजे तप, ताप. पुढे ताप गळाला आणि 'डूलाली' एवढाच शब्द डोके फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत राहिला. तो आजही आहे. शिपायांना महिनोन् महिने रिकामे कोणी ठेवले, जहाजांचे वेळापत्रक कोणी आखले, यांचे नाव कोणत्याही शब्दात शिरले नाही. आजारी पडलेला शिपाई आणि तो जिथे आजारी पडला ते गाव, एवढेच भाषेत शिल्लक राहिले. (अलीकडे पुण्या-मुंबईत बिअर विकणाऱ्या एका कंपनीनेही तेच नाव घेतले आहे. वर्तुळ पूर्ण झाले म्हणायचे!)

आपली मराठीही मागे नाही. दारुडा, बेवडा, चरसी, नशेडी. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर आली, तिला 'गर्द' म्हणू लागले, आणि लगेच 'गर्दुल्ला' हा शब्द तयार झाला. मालेगावात झोपेच्या एका गोळीला 'कुत्ता गोळी' हे नाव पडले आहे. ती घेणाऱ्या पोराला लोक काय म्हणत असतील ते मी इथे लिहीत नाही. मराठी साहित्याचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचा जुना अर्थ संकट, आपत्ती असा आहे. त्या अर्थाने व्यसनी म्हणजे संकटात सापडलेला माणूस. शब्द तोच राहिला, त्यातली कणव तेवढी वापरून वापरून झिजली.

कायद्याची भाषा पाहा. अमली पदार्थांचा 1985 चा कायदा सेवन करणाऱ्याला शिक्षा सांगतो : पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्यात 64-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य केंद्रात उपचार घेण्यास तयार झाली आणि तिने उपचार घेतले, तर तिच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. फार मोलाची सवलत आहे ही, आणि आपल्या वस्त्यांतील बहुतेक आईबापांना ती माहीत नाही. पण ती मिळवायची तर मुलाला आधी तो शब्द स्वतःला लावून घ्यावा लागतो. 2001 च्या दुरुस्तीने त्या शब्दाची व्याख्या बदलली, तिच्यात 'अवलंबित्व' आले. शब्द जुनाच राहिला. आणि 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगातून येणाऱ्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरतो. मुलगा एकच. एका कायद्याच्या दारात तो रुग्ण आहे, दुसऱ्याच्या दारात आरोपी, आणि कोणत्या दारात काय म्हणायचे हे त्याला कोणी सांगत नाही.

शब्दाने खरोखर फरक पडतो का, असे विचारणारे विचारतात. 2010 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मानसोपचार आणि व्यसनोपचार करणाऱ्या पाचशेहून अधिक व्यावसायिकांना एकाच माणसाची हकीकत वाचायला दिली. निम्म्यांच्या कागदावर त्याला 'नशाबाज' या अर्थाचा शब्द होता, निम्म्यांच्या कागदावर 'नशेच्या विकाराने ग्रस्त'. बाकी मजकूर अक्षरशः सारखा. पहिला कागद वाचणाऱ्यांनी त्या माणसाला अधिक दोषी मानले आणि त्याला शिक्षा व्हावी याकडे ते अधिक झुकले. हे रस्त्यावरचे लोक नव्हते. उपचार करणे हाच त्यांचा पेशा होता.

आता प्रेषितांच्या दरबारात चला. अब्दुल्लाह नावाचे एक सहाबी होते. ते प्रेषितांना हसवीत असत. दारूवरून त्यांना शिक्षा झाली होती, आणि ते पुन्हा तशाच अवस्थेत आणले गेले. शिक्षा झाली. जमलेल्यांपैकी एकाने चिडून त्यांच्यावर लानत केली : किती वेळा आणावे लागते याला! प्रेषितांनी त्याला तिथेच थांबवले. याच्यावर लानत करू नका, याचे अल्लाहवर आणि अल्लाहच्या प्रेषितावर प्रेम आहे हे मी जाणतो, असा त्या शब्दांचा भाव आहे. अशाच दुसऱ्या प्रसंगी, आपल्या भावाविरुद्ध शैतानाचे मदतनीस होऊ नका, अशी ताकीद दिली. दोन्ही हदीसी बुखारीत आहेत.

इथे कोणी म्हणेल, पण खम्रच्या संबंधात दहा जणांवर लानत आली आहे, त्यांत पिणाराही आहे. खरे आहे. तिरमिजीतील त्या हदीसीवर उलेमांनी बारकाईने लिहिले आहे. इमाम इब्ने तैमिया (रह.) यांनी अब्दुल्लाह (रजि.) यांच्या याच प्रसंगावरून नियम काढला : वर्गावर सर्वसाधारण निषेध करणे वेगळे आणि समोरच्या अमुक माणसाचे नाव घेऊन त्याच्यावर लानत करणे वेगळे. पहिल्यावरून दुसरे आपोआप लागू होत नाही. आणि ते दहा कोण, तेही एकदा मोजावे. गाळणारा, गाळून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेली जाते तो, पाजणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा, विकत घेणारा, ज्याच्यासाठी घेतली तो. दहांत पिणारा एक. बहुतेक सगळे धंद्याच्या साखळीतले. आपल्या वस्तीत आणि कधीकधी आपल्या खुतब्यांतही त्या एकाचीच चर्चा का होते, याचा विचार करण्यासारखा आहे. किंमत खाणाऱ्यांत तर दुकानदारापासून राज्याच्या तिजोरीपर्यंत सगळे बसतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दारूच्या निषिद्धतेचा अंतिम आदेश सूरह माइदामध्ये आला, मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली, आणि मग सहाब्यांना चिंता पडली : आपले जे भाऊ आधीच वारले, ज्यांनी आयुष्यभर ती प्यायली होती, त्यांचे काय? त्यावर तिथल्याच पुढच्या आयतीत उत्तर आले की श्रद्धा आणि सत्कर्मे असलेल्यांवर त्यांनी पूर्वी जे सेवन केले त्याचा दोष नाही. कायदा कठोर होताना मागच्या माणसांची नावे खराब होऊ नयेत याची काळजी वहीनेच घेतली. आणि सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट उपनावांनी हाक मारण्याची मनाई आहे, तिथेच श्रद्धेनंतर माणसाला दुराचाराचे नाव चिकटवणे किती वाईट आहे तेही सांगितले आहे. तौबा केलेल्या माणसाला जुन्या गुनाहच्या नावाने हाक मारणे याच मनाईत येते, असा अर्थ मुफस्सिरांनी केला आहे.

यावर एक आक्षेप आहे, तो वजनदार आहे. वाइनला दारू न म्हणणे जर फसवणूक आहे, तर दारुड्याला 'विकारग्रस्त' म्हणणे ही दुसरी फसवणूक का नाही? दोन्ही ठिकाणी शब्द मऊच केला. उद्या प्रत्येक गुनाह आजार ठरेल आणि तौबेला कोणी उरणार नाही.

माझे म्हणणे असे की, नवे नाव आल्यावर सत्य अधिक दिसते की कमी, हे पाहावे. वाइनचे नवे नाव ती अक्कल झाकते ही गोष्ट दडवते. माणसाचे नवे नाव काय दडवते? तो पितो हे दडवत नाही, उलट स्पष्ट सांगते. त्यात फक्त एवढी भर पडते की पिणे ही त्याची अवस्था आहे, त्याची जात नव्हे. आणि हे खरेच आहे, कारण प्रत्येक मूल फितरतवर जन्मते हा आपला अकीदा आहे. गुनाह आणि आजार एका माणसात एकत्र राहू शकतात. पहिला घोट बहुतेकदा निवडीने घेतलेला असतो. शंभरावा तसा असतोच असे नाही, आणि दोन्हींच्या मधली रेघ अल्लाहशिवाय कोणाला दिसत नाही. आजारी माणसावरही उपचाराला जाण्याची जबाबदारी राहते. नमाज बसून पढण्याची सवलत मिळालेला माणूस नमाजीतून सुटत नाही, तसेच हे. मला भीती वाटते ती दुसऱ्या बाजूची. ज्याला लोकांनी कायमचे एकच नाव दिले, तो तौबेच्या दारापर्यंत येतच नाही; आत गेल्यावर आपल्याला कोण ओळखणार, असे त्याला वाटते.

भाषेवर राज्याचा हात पडला की व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांचे काय होते, याची आणखीही उदाहरणे आहेत. 1949 च्या आपल्या कायद्यात मादक पदार्थाची भलामण करणे हाही गुन्हा होता. एफ. एन. बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली हा भाग भाषणस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून रद्द केला. बंदीचा बाकीचा बराचसा कायदा टिकला. आमच्यापैकी अनेकांना हा निकाल दारूच्या बाजूचा वाटेल. मला तो तसा वाटत नाही. ज्या सत्तेला आज दारूची स्तुती बंद करता येते तिला उद्या दारूच्या महसुलावरची टीकाही बंद करता येईल. आणि जाहिरातींवर बंदी घालून काय साधले ते समोर आहे : त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचे पाणी.

अमेरिकेत 2017 च्या डिसेंबरात 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बातमी दिली की तेथील रोगनियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्यांना अंदाजपत्रकाच्या कागदांत सात शब्द टाळण्यास सांगितले आहे. संस्थेच्या प्रमुखांनी अशी बंदी असल्याचे नाकारले. त्या सातांत 'असुरक्षित' आणि 'पुराव्यावर आधारित' हे शब्द होते. मार्च 2025 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने केंद्रीय खात्यांत टाळल्या जाणाऱ्या शेकडो शब्दांची यादी छापली, तिच्यात 'महिला' आणि 'आघात' असेही शब्द होते. आपल्याला हा दूरचा तमाशा वाटेल. पण 'पुराव्यावर आधारित' हा शब्द काढला की डॉक्टरचा उपचार आणि ताईत विकणाऱ्याचा उपचार यांतला फरक कागदावर सांगायचा कसा? आपल्याकडे तर एका पुडीत दारू सोडवणाऱ्यांच्या जाहिराती भिंतीभिंतींवर आहेत, आणि कोंडून मारहाण करणारी तथाकथित केंद्रेही आहेत. आणि 'महिला' म्हटल्याशिवाय रात्री नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईसाठी मदत मागायची कशी? आपल्या राज्यात दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायका मतदान करतात तेव्हा उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. निरक्षर बाईलाही कळावी म्हणून केलेली ही सोय चांगलीच आहे. पण आडवी बाटली केल्यावर घरातल्या त्या माणसाचे काय, यासाठी मतपत्रिकेत चित्र नाही.

आता जे बोलणे सर्वांत अवघड आहे ते बोलतो. 2021 साली केरळातील एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी 'नार्कोटिक जिहाद' असा शब्दप्रयोग केला आणि तो देशभर पसरला. असे शब्द राजकारणात खपतात. त्यांचा परिणाम मात्र न्यायालयात किंवा विधानसभेत मोजता येत नाही. तो आपल्या घरांत दिसतो. मुलगा एमडी घेतो हे आईला कळते आणि तिच्या मनात पहिला प्रश्न उपचाराचा येत नाही. बाहेर कळले तर लोक कौमला काय म्हणतील, हा येतो. दवाखान्यात नाव सांगायला बाप कचरतो. मोहल्ल्यातला शहाणा माणूसही सांगतो, गप्प राहा, आधीच कमी बदनामी आहे का! हे मौन वरून लादलेले नाही, कोणी आदेश काढलेला नाही. तरी ते राजकारणानेच लादलेले आहे, आणि ते सर्वांत घट्ट बसते, कारण ते आपण इज्जत समजून सांभाळतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी आमच्या शेजारी, नाशिक रोडजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला. ज्या मालाचा कारखाना इतका जवळ सापडतो तो आपल्याच गल्ल्या टाळून जाईल, असे मानायला आधार नाही. तो धर्म विचारून विकला जात नाही, हे बदनामी करणाऱ्यांना सांगायला हवे, आणि आपल्यालाही. कौमची अब्रू ही मोठी गोष्ट आहे, पण ती एका मुलाच्या जिवावर राखायची परवानगी शरीयत देत नाही; जीव आणि अक्कल यांचे रक्षण हे तिच्या पाच मूळ हेतूंपैकी दोन आहेत, आणि अफवेतली अब्रू त्यांच्या वर येत नाही. भारत सरकारचा 14446 हा विनाशुल्क क्रमांक आहे. तिथे फोन करणे म्हणजे कौमविरुद्ध साक्ष देणे नव्हे.

मग बोलावे किती आणि कोणापुढे? हा आपल्यासाठी खरा फिकही प्रश्न आहे. व्यसनमुक्तीच्या चळवळी अनुभवकथनावर चालतात. जो बाहेर आला त्याने उभे राहून सांगायचे. आणि आपल्याकडे तर हदीस आहे की माझी सारी उम्मत माफीला पात्र आहे, आपला गुनाह स्वतः जाहीर करणारे सोडून. रात्री केलेल्या गुनाहवर अल्लाहने पडदा टाकला आणि सकाळी त्या माणसाने स्वतःच तो फाडला, असे तिथे वर्णन आहे. मग मशिदीच्या दालनात बसून, मी दारू पीत होतो, असे सांगणे यात येते का?

ज्यांनी या हदीसीवर लिहिले त्यांच्या बोलण्याचा रोख बेपर्वाईवर आहे, पश्चात्तापाविना मिरवण्यावर आहे. उपचारासाठी वैद्याला सांगणे, सल्ल्यासाठी आलिमाला सांगणे, आणि त्याच खड्ड्यात पडलेल्या दुसऱ्याला बाहेर काढण्यासाठी सांगणे, यांना ती मनाई लागू होत नाही असे मला वाटते. तरीही पडदा हा मूळ नियम आहे, बोलणे हा गरजेपुरता अपवाद. व्यासपीठावर बोलावून, फोटो काढून, मोबाइलवर फिरवून साक्ष घ्यायची आपल्यातली नवी हौस मला मंजूर नाही. तो माणूस उद्या पुन्हा घसरला तर तो फोटो त्याच्या पोराच्या वर्गात फिरेल.

1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आज महाराष्ट्रातही चालणाऱ्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संघटनेने यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. सदस्याचे पूर्ण नाव बाहेर जात नाही, आणि बाहेरच्या कोणत्याही वादावर संघटना मत देत नाही. त्यामागे इतिहासाचा धडा आहे. 1840 मध्ये बाल्टिमोर येथे काही दारू पिणाऱ्यांनीच एकमेकांना सोडवण्यासाठी एक मंडळ काढले होते, 'वॉशिंग्टोनियन' नावाचे. ते झपाट्याने वाढले, दारूबंदीच्या व इतर राजकारणात ओढले गेले आणि काही वर्षांत विरले. पण संघटनेच्या या मौनाची किंमतही आहे : दुकानाचा परवाना, परवान्यावरचे आरोग्य, 64-अ कलम, यांवर ती काहीच बोलू शकत नाही. म्हणून ते काम दुसऱ्या कोणीतरी केले पाहिजे. जो आत बसून सावरतो आहे त्याने गप्प राहावे, हा त्याचा हक्क आहे. मिंबरवर उभा राहणारा, वकील, शिक्षक, नगरसेवक, यांना तो हक्क नाही. त्यांनी वस्तूचे खरे नाव मोठ्याने घ्यावे आणि माणसाचे घेऊ नये.

हे सगळे नीट आचरणात येते की नाही ते निकाहच्या वेळी कळते. मुलीकडचे लोक इमामाकडे चौकशीला येतात. स्थळ चांगले आहे, नोकरी आहे, पण ऐकले आहे की मुलगा पूर्वी दारूत होता, खरे का? इथे गीबतीची मनाई शिथिल होते, हे इमाम नववी (रह.) यांनी सांगितलेल्या सहा अपवादांत आहे. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी दोन मागण्यांबद्दल सल्ला विचारला तेव्हा प्रेषितांनी दोघांबद्दल जे खरे होते ते सांगितले. म्हणजे मुलीला कळण्याचा हक्क आहे. व्यसन परतू शकते, आणि परतले तर त्याची झळ तिला लागणार, हे कोणताही डॉक्टर सांगेल. लपवणे ही फसवणूक ठरेल. दुसऱ्या बाजूला, तौबा करून तीन वर्षे दूर राहिलेल्या माणसाला मी माझ्या तोंडाने तो जुना शब्द लावला तर मी हुजुरातची मनाई मोडतो.

म्हणून मी मुलाकडच्यांना सांगतो की हे त्याने स्वतः सांगावे, बोलणी पक्की होण्याआधी, दोन्हीकडच्या एकेका वडीलधाऱ्यासमोर. आणि मुलीला थेट सांगावे, फक्त तिच्या बापाला नव्हे. काय होते, उपचार कुठे घेतले, किती काळ झाला, आज कोणाचा आधार आहे, एवढे. मग तिने इस्तिखारा करावा, हवे तर डॉक्टरशी बोलावे, वेळ घ्यावा. होकार देण्याचे तिच्यावर बंधन नाही, आणि नकार देताना कारण सांगण्याचेही नाही. नकार आला तर ती बैठक तिथेच संपते. तिथे ऐकलेला शब्द मुलीकडच्या घरात पुन्हा उच्चारला जाऊ नये, आणि मोहल्ल्यात कोणी विचारले तर योग जुळला नाही एवढेच सांगावे, ही अट मी बसण्यापूर्वीच दोन्ही घरांकडून कबूल करून घेतो.